इंग्रजांचा ‘आवाज’ आणि आपले ‘मत’

वाक्प्रचार हे समाजाच्या जुन्या व्यवहारांचे दप्तर असते. व्यवहार बदलतो, संस्था लयास जातात, पण शब्द मागे राहतो. मनुष्याच्या आवाजाविषयी आणि बोलण्याविषयी इंग्रजीत जे वाक्प्रचार रूढ आहेत, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. ‘टु हॅव अ व्हॉइस’ याचा अर्थ नुसता कंठ असणे असा नाही. निर्णयात वाटा असणे असा आहे. आवाज आणि अधिकार यांची ही सांगड इंग्लंडच्या इतिहासात पडलेली आहे.

शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ या नाटकात रोमचा सेनानी नागरिकांकडे ‘व्हॉइसेस’ मागत फिरतो, म्हणजे मते मागतो. फ्रेंचमधील ‘व्हुआ’ आणि जर्मनमधील ‘श्टिमं’ हे शब्दही आवाज व मत या दोन्ही अर्थांनी चालतात. आपला ‘मत’ हा शब्द मात्र संस्कृतातील ‘मन्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून आलेला. त्यांचे मत कंठातून निघाले, आपले मनातून. हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे पुढे दिसून येईल.

इंग्लंडात 1872 पर्यंत निवडणुकीतले मत खरोखरच तोंडाने सांगितले जाई. मतदाराने सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव उच्चारायचे आणि कारकुनाने ते वहीत टिपायचे, अशी रीत होती. कोणी कोणास मत दिले याच्या वह्या छापूनही निघत. परीक्षेतली ‘व्हायव्हा’ आपल्या परिचयाची आहे. तिचे पूर्ण नाव ‘व्हायव्हा व्होसी’, म्हणजे जिवंत आवाजाने. त्या मतदानालाही हेच नाव होते. या पद्धतीचे समर्थक म्हणत की मत हा सार्वजनिक विश्वास आहे, तो उघडपणे बजावला पाहिजे. पण जमीनदाराच्या डोळ्यांदेखत त्याच्या कुळाने कोणाचे नाव घ्यावे? आवाज होता, पण तो स्वतःचा नव्हता. अखेर 1872 मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि त्यानुसार पार्लमेंटची पहिली पोटनिवडणूक पाँटिफ्रॅक्ट येथे झाली. तो दिवस 15 ऑगस्टचा होता, हा योगायोग आपल्याला गंमतीचा वाटेल.

मतदाराचा आवाज पेटीत बंद झाला, पण सभागृहात तो उघडाच राहिला. तेथील प्रमुखाला ‘स्पीकर’, म्हणजे बोलणारा, म्हणतात. आणि सभागृहात सर्वांत कमी बोलायचे ते त्यानेच! याचे कारण असे की तो मुळात सभागृहात बोलणारा नव्हता, सभागृहाच्या वतीने राजाशी बोलणारा होता. 1376 मध्ये हे काम करून दरबारावर आरोप मांडणारे पीटर दे ला मेअर यांना तुरुंगवास घडला. पुढच्याच वर्षी सर टॉमस हंगरफर्ड यांच्या संदर्भात ही उपाधी नोंदींत प्रथम आढळते. राजाला अप्रिय गोष्ट ऐकवणे हे जोखमीचे काम होते. नवनिर्वाचित स्पीकरला आसनाकडे ओढत नेल्याचा देखावा आजही केला जातो, तो त्या जुन्या अनिच्छेचे स्मरण म्हणून.

या पदाची कसोटी 4 जानेवारी 1642 रोजी लागली. पाच सभासदांना पकडण्यासाठी पहिला चार्ल्स राजा सशस्त्र लोकांसह आला, स्वतः सभागृहात शिरला आणि ते कोठे आहेत, असे त्याने स्पीकर विल्यम लेंथॉल यांस विचारले. लेंथॉल यांनी गुडघे टेकले, पण उत्तर दिले ते असे की, या जागी सभागृह सांगेल त्याखेरीज पाहावयास आपणांस डोळे नाहीत व बोलावयास जीभ नाही. राजा रिकाम्या हाताने परतला.

ही परंपरा आपल्याकडे आली ती कायदेमंडळांतून. प्रस्तावाच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे आवाज ऐकून अध्यक्षांनी निर्णय द्यायचा, हे ‘आवाजी मतदान’ तेथूनच आलेले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले ते दादासाहेब, म्हणजेच गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे येथील, जन्म 27 नोव्हेंबर 1888 रोजी बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. म्हणजे आपल्यासारख्याच स्थायिक मराठी घरांतले. 1937 मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. 1946 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदी ते अवघ्या तीन मतांनी निवडून आले आणि 1952 पासून 27 फेब्रुवारी 1956 रोजी निधन होईपर्यंत लोकसभेचे अध्यक्ष होते. 1954 च्या डिसेंबरात त्यांनाच पदावरून दूर करण्याचा ठराव आला. तो सभागृहात रीतसर चर्चिला गेला आणि मगच फेटाळला गेला.

त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. 1953 मध्ये लोकसभेची शासकीय आश्वासन समिती नेमली गेली. सभागृहात मंत्र्याने ‘पाहू’, ‘करू’ म्हटले की त्याची नोंद व्हायची आणि पुढे काय झाले याचा जाब विचारला जायचा. ‘टु कीप वन्स वर्ड’ किंवा आपले ‘शब्द पाळणे’ हे अशा रीतीने नियमांत बसले. राज्यांच्या विधानमंडळांतही अशा समित्या आहेत. आम्ही शासकीय सेवेत असताना या समितीचे पत्र आले की कार्यालयात धावपळ उडे आणि वर्षानुवर्षे न हललेली प्रकरणे आठवड्याभरात टेबलावर येत. कोणीतरी सभागृहात उभे राहून विचारले होते, एवढेच त्यामागचे कारण असे.

आपल्या घरांत मतांना तोटा नाही. नगरपालिकेच्या शाळेतील मराठी तुकडी बंद पडते, एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाचे अनुदान थांबते, तेव्हा आपण जेवताना हळहळतो. सभेत उठून विचारणारा एखादाच निघतो. संख्या थोडी, मग आपले ऐकतो कोण, असे आपण म्हणतो. पण न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ही म्हण आपलीच आहे. मनातले मत जोवर आवाज होत नाही, तोवर ते व्यवहारात जमेस धरले जात नाही. सभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहिला जातो आणि कोणालातरी त्याचे उत्तर द्यावे लागते. घरातल्या हळहळीचे इतिवृत्त कोणी ठेवत नाही.