चहा, मीठ आणि गवत



मागच्या आठवड्यात घरातली जुनी ट्रंक रिकामी करायला घेतली. वरच्या थरात लग्नपत्रिका, त्याखाली नातवंडांची प्रगतिपुस्तके, आणि अगदी तळाशी माझी टाचणवही. ज्यांनी मास्तरकी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो, वर्गात काय शिकवणार ते आदल्या रात्री ज्या वहीत लिहून काढावे लागायचे ती टाचणवही. हेडमास्तरांची सही नसली तर दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागत!

पान उघडले ते नववीच्या इतिहासाचे. 'अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे'. एक, दोन, तीन असे आकडे घालून पाच कारणे लिहिली होती, आणि लाल शाईत 'पाच गुणांचा प्रश्न' असा शेरा. त्याखाली पेन्सिलने माझ्याच अक्षरात एक ओळ होती. "चहा स्वस्त, मग का?"

ती ओळ वाचली आणि तो वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. १९८० च्या आसपासची गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, आपला जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. माझी शाळा जंगलाच्या कडेच्या गावात होती. बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, हे मी रंगवून सांगत होतो. पुस्तकाबाहेरचे थोडे सांगावे म्हणून बोलून गेलो की १७७३ च्या चहाच्या कायद्याने तिथला चहा महाग नाही, उलट स्वस्त झाला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"गुर्जी, चाय सस्ती झाली होती त् फेकली कायले?"

मी म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न होता." ती बसली. पण तिला पटले नव्हते हे मला कळले, आणि खरे सांगायचे तर माझेही समाधान झाले नव्हते. पुढच्या वर्षी दहावीच्या वर्गात ती दिसली नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात गेलेली आणि शाळेत न परतलेली अशी पुष्कळ मुले असायची.

आता पंचाहत्तरीच्या घरात आलोय. वाचायला वेळ आहे. म्हटले, तिचे उत्तर द्यायचे राहिले आहे, ते आज देऊन टाकू.

आधी अमेरिकेचे थोडक्यात बघू. इंग्लंडने आपल्या वसाहतींकडे दुकानदाराच्या नजरेने पाहिले. १६६० च्या कायद्याने व्हर्जिनियाच्या शेतकऱ्याने पिकवलेली तंबाखू दुसऱ्या देशाला थेट विकायची नाही, आधी इंग्लंडच्याच बंदरात आणायची असे ठरले. वसाहतीत टोप्या होतात, त्या परगावी पाठवायच्या नाहीत, असाही एक कायदा १७३२ साली झाला. माल कच्चा द्या आणि पक्का आमच्याकडून घ्या, हे धोरण आपल्याला नवे नाही. पुढे फ्रान्सशी झालेल्या युद्धाचे कर्ज डोक्यावर आले, तेव्हा १७६५ साली स्टँपचा कायदा आला. दस्त, वर्तमानपत्र, अगदी पत्त्यांचा कॅट, सगळ्यावर सरकारी शिक्का आणि त्याचे पैसे. गंमत बघा, त्याच १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीने बंगालची दिवाणी घेतली. एकाच वर्षी इकडे शेतसारा गोळा करायचा अधिकार आणि तिकडे स्टँप!

तिकडचे लोक खवळले, स्टँपचा कायदा पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. मग काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांवर जकात आली. तीही १७७० साली उठली, फक्त चहावरची पौंडामागे तीन पेन्स तेवढी ठेवली. कशासाठी? तर कर बसवायचा आमचा हक्क आहे हे दाखवण्यासाठी. त्यानंतर कंपनी कर्जात बुडाली, तिच्या गोदामांत चिनी चहा पडून होता. तिला वाचवायला १७७३ चा कायदा केला, चहा स्वस्त झाला, पण ते तीन पेन्स तसेच राहिले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

इथपर्यंत माझ्या टाचणात होते. जे नव्हते ते मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाले, आणि ते झाडांबद्दल आहे.

न्यू इंग्लंडच्या रानात उंच, सरळ पांढरे पाइन वाढायचे. इंग्लंडच्या आरमाराला डोलकाठ्यांसाठी तेच हवे होते. म्हणून सरकारी माणूस रानात फिरून चांगल्या झाडांवर कुऱ्हाडीच्या तीन घावांनी बाणाची खूण करायचा. खूण झाली की झाड राजाचे. आपल्या शेतात उभे असले तरी तोडायचे नाही. १७७२ च्या एप्रिलमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या विअर गावात अशा लाकडाबद्दल एका माणसाला पकडायला शेरीफ आला. पहाटे गावकऱ्यांनी तोंडाला काजळी फासून त्याला छड्यांनी बडवला आणि घोड्यांचे कान कापून त्याला वाटेला लावले. चहाच्या प्रकरणाच्या दीड वर्ष आधी!

हे वाचले तेव्हा मला आमची आजी आठवली.

आजी सांगायची, तिच्या तरुणपणी ती सरपणाची मोळी घेऊन येत असताना नाकेदाराने तिला अडवले. मोळी ठेवून घेतली, कुऱ्हाडही जप्त केली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी एक कोंबडी नेऊन दिली तेव्हा कुऱ्हाड परत मिळाली. हे सांगताना म्हातारी कोंबडीबद्दल कधी हळहळली नाही. तिचे दुःख वेगळे होते. "चारचौघात मले चोट्टी म्हनला", हे ती ऐंशीव्या वर्षीही रागाने म्हणायची. ज्या रानातून तिच्या सासूने, आजेसासूने सरपण आणले, त्याच रानातून आणताना ती चोर कधी झाली, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

ती कधी झाली ते सरकारी कायद्यात लिहिले आहे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य डलहौसीने १८५४ साली खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत झाला. १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा, १८७८ साली दुसरा, १९२७ साली तिसरा. रेल्वेला स्लीपर हवे होते. आपल्या गोंदियावरून रेल्वे गेली तीही १८८० च्या दशकातच. रान राखीव झाले. गुरे चारायला पास, सरपणाला पास, गवताला पास. चुकून गाय आत गेली तर कांजीहौस आणि दंड. मालगुजारी गावांत 'निस्तार' म्हणून रयतेला घरखर्चापुरते लाकूड-गवत मिळायचे, वाजिब-उल-अर्जमध्ये त्याची नोंद असायची. पण राखीव रानाच्या हद्दीवर हा निस्तार संपायचा. ज्या झाडावर खात्याचा हातोडा पडला ते सरकारचे. विअर गावातला बाण आणि आमच्याकडचा हातोडा, दोन्ही एकाच घराण्यातले!

मिठाचीही तीच कथा. आपल्या भागाला समुद्र नाही. पूर्वी बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य घेऊन किनाऱ्याकडे जात आणि येताना मीठ आणत. इंग्रजांनी मिठावर कर बसवला आणि चोरटे मीठ अडवण्यासाठी सिंधू नदीपासून मध्य प्रांतातून महानदीपर्यंत नाकेबंदीची रेघ ओढली. जवळजवळ चार हजार किलोमीटर! तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचे जिवंत काटेरी कुंपण वाढवले होते आणि राखणीला १२ हजारांवर माणसे होती. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे प्रमुख होते ॲलन ह्यूम. होय, तेच ह्यूम ज्यांनी १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला! ते कुंपण १८७९ साली सोडून दिले, पण कर राहिला.

१९२३ साली मिठाचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायचे सरकारने ठरवले. दिल्लीच्या कायदेमंडळात आपल्या लोकांनी निवडून दिलेले सभासद होते, त्यांनी नकार दिला. व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात कर लागू केला. वर्षभराने तो पुन्हा सव्वा रुपयावर आला, पण तुमच्या 'नाही'ला किंमत नाही हे सगळ्यांना दिसून गेले. चहावरच्या तीन पेन्समध्ये तरी दुसरे काय होते?

मग १९३० साल आले. गांधीजी ५ एप्रिलला दांडीला पोचले आणि देशभर मीठ करायची लाट आली. वऱ्हाडात समुद्र कुठला? पण अकोल्याकडे खारपाणपट्टा आहे. दहीहांड्याला लोकांनी विहिरीचे खारे पाणी उकळून मीठ काढले. ज्यांच्याकडे खारी विहीरही नव्हती त्यांनी काय करायचे? आपल्या मुलखाकडे एकच गोष्ट होती, रान. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या सरकारी रानात गवत कापले आणि अटक करून घेतली. पावसाळ्याचे दिवस, गवत हिरवे, त्याची बाजारात किंमत ती काय! पण विळा लावला की कायदा मोडायचा. यवतमाळकडे, वर्ध्याकडे, बैतूलच्या गोंड-कोरकूंच्या गावांत, सगळीकडे हे लोण पसरले.

याची किंमतही माणसांनी मोजली. कोकणात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. बालाघाट ओलांडले की लागणाऱ्या शिवनी जिल्ह्यात, तुरिया गावात ९ ऑक्टोबरला गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे मुड्डोबाई, रैनोबाई, देभोबाई या तीन बायका आणि बिरजू भोई असे चौघे मेले. गवतासाठी! आज तुरिया म्हणजे पेंच व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रवेशद्वार. आपल्याकडचे कितीतरी लोक वाघ बघायला तिथून आत जातात. पुढच्या वेळी जाल तेव्हा फाटकाशी क्षणभर थांबा, एवढेच सांगतो.

इथे लेख संपवता आला असता, पण तसे केले तर त्या मुलीला अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल. कारण ती शाळा सोडून गेली ती इंग्रज गेल्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी.

स्वातंत्र्य मिळाले, पण १९२७ चा जंगल कायदा तसाच राहिला. १९५१ साली मालगुजारी गेली आणि मालगुजारांची राने सरकारकडे आली. १९६९ साली महाराष्ट्राने तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्या हाती घेतला. गोंदियाची विडी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचे पान तोडणाऱ्या बाईने ते कुणाला विकायचे हे तिच्या हातात नव्हते. फळीवर पुडे मोजून द्यायचे, शेकड्याचा ठरलेला भाव घ्यायचा. खुल्या बाजारातला दलाल तिला लुबाडत होता, त्याला आवरायचा हेतू कायद्यात होता हे मान्य. पण व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्याने हा कायदा वाचला असता तर त्याला ओळखीचा वाटला असता!

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत सरकारने स्वतःच लिहिले की वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ साली आपल्या रानाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक पासही. २०१३ पासून गडचिरोली आणि आपल्या जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. सगळे छान झाले असे नाही. कागद अडतात, ठेकेदार फसवतात, सभेत भांडणे होतात. पण भाव ठरवताना पान तोडणारी बाई सभेत बसलेली असते. त्यांचा तो बोस्टनवाला प्रश्न हाच तर होता. आम्हाला विचारल्याशिवाय नाही.

आणि रान राखायला नको का, असे कोणी विचारेल. हवेच. पण राखणाऱ्याला चोर ठरवून रान राखले जात नाही, हे दीडशे वर्षांत आपण पाहिले.

तर बाई, तू आज साठीच्या जवळ आली असशील. तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. चहा महाग की स्वस्त हा मुद्दाच नव्हता. माणूस कर देतो, कुरकुरत का होईना पण देतो. मात्र आपण रोज करतो ती साधी गोष्ट एक दिवस कोणीतरी न विचारता गुन्हा ठरवतो, आणि त्या दिवसापासून आपल्याला चोट्टे म्हणतो, तेव्हा तो चहा फेकतो, मीठ उचलतो, नाहीतर गवत कापतो. हे मला तेव्हा तुला सांगता यायला हवे होते. त्यासाठी बोस्टनला जायचीही गरज नव्हती, तुझ्या शाळेच्या मागेच रान होते.

असो. टाचणात ते कारण आता सहाव्या क्रमांकावर लिहून ठेवले आहे, सही करायला हेडमास्तर नाहीत तरी.

भाचेमंडळींना आणि पुतण्यांना एक विनंती. गावाकडच्या घरात जुन्या पेट्या असतील तर त्यात चराईचे पास, दंडाच्या पावत्या, कांजीहौसच्या चिठ्ठ्या सापडण्याचा संभव आहे. रद्दीत घालू नका, मला पाठवा. आजीची बाजू मांडणारा कागद बहुधा तिच्याविरुद्धच लिहिलेला असेल, पण तेवढा तरी जपू या.