पडत्या विटांचा खेळ

मी आठवीत होतो. जत्रेत घेतलेला विटांचा खेळ दप्तरात घालून शाळेत नेला आणि भूगोलाच्या तासाला पकडला गेलो. गुरुजींनी तो जप्त केला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डोकावतो तो काय, गुरुजी चष्मा कपाळावर चढवून त्याच खेळात गढलेले! आठ दिवसांनी खेळ परत करताना एवढेच म्हणाले, "सेल संपलेत रे. नवे घाल."

आता मीही मास्तर झालो आहे आणि व्हिडिओ गेममधला श्रेष्ठ कोणता, यावर माझ्या वर्गात हमरीतुमरी चालते. असल्या खेळांना कलाकृती म्हणावे की नाही, हा वाद थोरामोठ्यांतही झालेला आहे. अमेरिकेतले चित्रपटसमीक्षक रॉजर एबर्ट यांनी २०१० साली निक्षून सांगितले, की हे खेळ कला होऊच शकत नाहीत. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. त्यांत १९८० चा जपानी पॅकमॅन होता, आणि आमच्या गुरुजींचा तो विटांचा खेळही होता. त्याचे खरे नाव टेट्रिस.

कादंबरी लिहिणाऱ्याची एक कसोटी असते: यातून आणखी काय काढून टाकता येईल? टेट्रिसमधून काही काढता येत नाही. म्हणून माझे मत त्याला.

त्याचा जन्म १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या गणनकेंद्रात झाला. अलेक्सेय पाजित्नोव हा तिथला एक तरुण संशोधक. पाच-पाच चौरसांचे तुकडे पेटीत नीट बसवायचे, असे एक कोडे त्याच्या आवडीचे होते. त्याने पाचाचे चार केले, तेव्हा सातच आकार उरले. हाताशी होते इलेक्ट्रॉनिका ६० नावाचे यंत्र. त्याला चित्र काढता येत नसे. म्हणून विटा कंसांच्या चिन्हांनी दाखवल्या. पण पट क्षणात भरून जाई आणि खेळ आटोपे. मग त्याला सुचले, की आडवी ओळ पुरी भरली की ती नाहीशी व्हावी. सारी करामत तेथे आहे. जमलेल्याची खूण उरत नाही. फसलेले मात्र माळ्यावरच्या अडगळीसारखे डोक्यावर येत राहते. ग्रीक भाषेतील 'चार' आणि त्याच्या आवडीचे टेनिस, यांतून नाव जुळले.

वदीम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने तो आय.बी.एम. यंत्रावर, रंगांसह, उतरवण्यास मदत केली. मग तबकड्यांच्या नकला हातोहात पसरल्या.

पैशाची कथा मात्र कडू आहे. पाजित्नोवने दहा वर्षांसाठी हक्क सरकारकडे दिले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये तीन परदेशी व्यापारी हक्कांसाठी एकाच वेळी मॉस्कोत येऊन थडकले. त्यांतल्या हेंक रॉजर्सने निन्टेन्डोच्या गेमबॉयसाठी सौदा जुळवला, आणि त्या चिमुकल्या यंत्राबरोबर खेळ कोट्यवधी घरांत शिरला. कर्त्याला त्यातली दमडी मिळाली नाही. १९९१ मध्ये तो अमेरिकेत गेला. हक्क परत मिळाले ते १९९६ मध्ये, आणि पुढली कंपनी त्याने त्याच रॉजर्सबरोबर काढली. आपल्याकडच्या जत्रांत विकल्या गेलेल्या यंत्रांचा हिशेब कोण ठेवणार? माझ्या यंत्रावर तर टेट्रिस हे नावही नव्हते.

या खेळात जिंकणे नाही. फक्त हरणे लांबवायचे. तरी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोची १९८९ ची आवृत्ती खेळता खेळता इतकी पुढे नेली, की शेवटी यंत्रच अडकून थिजले. तोवर ही गोष्ट संगणकाच्या आज्ञावलीलाच साधली होती, माणसाला नाही. अडतीस मिनिटे लागली. पुढे खुद्द पाजित्नोवने पडद्यावरून बोलून त्या पोराचे अभिनंदन केले.