दीर्घ बैठकीतील खंड व रक्तवाहिन्या

सलग बसून राहताना मध्ये उठून थोडे चालल्याने धमन्यांच्या अंतःस्तराच्या, म्हणजे त्यांच्या आतील पेशींच्या अस्तराच्या, कार्यावर होणारा परिणाम. या विषयाची सुरुवात १९५३ मधील जेरी मॉरिस यांच्या लंडन येथील अभ्यासाशी जोडली जाते. तेथे बसून काम करणाऱ्या बसचालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा अधिक आढळले, मात्र दोन्ही गटांत मुळातच असलेला शरीरयष्टीचा फरक पुढे लक्षात आला. बसल्यावर पिंढरीचे स्नायू निष्क्रिय होऊन पायातील रक्तप्रवाह मंदावतो आणि भिंतीवरील घर्षणबल घटल्याने धमनी सैलावणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती कमी होते (→ रक्ताभिसरण). सौरभ ठोसर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ तरुण पुरुषांना ३ तास बसवले असता मांडीच्या धमनीची प्रसरणक्षमता तासाभरातच घटली. परंतु दर तासाला ५ मिनिटे, ताशी सुमारे ३.२ किमी वेगाने चालल्यावर ती टिकून राहिली. ही क्षमता मोजताना पायावरील पट्टा फुगवून रक्तप्रवाह काही मिनिटे रोखतात व तो सोडल्यावर धमनी किती रुंदावते हे श्राव्यातीत ध्वनीने पाहतात. खानदेशात जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवायला बसलेले कारागीर आणि जळगाव–धुळे मार्गावरील एसटीचालक यांच्या कामाला हे निष्कर्ष लागू पडण्याजोगे आहेत. चालकाला मात्र थांब्याखेरीज उठता येत नाही. अल्पकालीन प्रयोगांवरून दीर्घकालीन धमनीविकाराचे अनुमान थेट काढता येत नाही (→ धमनीकाठिण्य; रक्तदाब).