कचरा गावाबाहेर नेऊन टाकायला आपण कधी शिकलो?

नगरपरिषदेच्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ‘घनकचऱ्यासाठी नवीन जागा’ असा विषय आलाय. जुना डेपो भरला, आता शेजारच्या गावच्या गायरानावर डोळा आहे. त्या गावची माणसं परवा तहसीलला निवेदन देऊन आली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. बातमीत मावलं नाही ते इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: “कचरा कुठंतरी टाकावाच लागणार, पूर्वीपासून हेच चालत आलंय.” पूर्वीपासून म्हणजे नेमकं कधीपासून?

खेड्यात वाढलेल्यांना उकिरडा सांगायला नको. गोठ्यातली झाडलोट, चुलीची राख, खरकटं, पालापाचोळा, सगळं एका खड्ड्यात. पावसाच्या आधी तेच गाड्या भरून रानात. बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब उघडतं असं आपण म्हणतो, पण उकिरड्याचं नशीब दरवर्षी उघडायचं! ती घराची मालमत्ता होती. भांडणं व्हायची ती आपलं खत दुसऱ्यानं उचललं म्हणून.

शहरंही फार वेगळी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्याची नगरपालिका मैला आणि राख मिसळून सोनखत करायची आणि ते ऊसवाल्या बागाईतदारांना विकायची. मात्र जुनं सगळं चांगलं, असं कुणी समजू नये. हा मैला डोक्यावरून वाहणारी माणसं ठरावीक जातींची होती. खत शेतात गेलं, विटाळ त्यांच्या वाट्याला राहिला. कचऱ्याचा इतिहास लिहिताना हे गाळलं तर उरतं ते स्मरणरंजन.

आता इंदूरला जाऊ. स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून आपले नगरसेवक अभ्यासदौऱ्याला जातात तेच इंदूर. होळकरांच्या या संस्थानात १९२४ साली शेती संशोधनाची संस्था निघाली. प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड आणि सोबत रसायनशास्त्राचं काम बघणारे यशवंत वाड. शेतकऱ्याचा उकिरडाच या दोघांनी शास्त्रात बसवला. उथळ खड्डा, त्यात काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, बेताचं पाणी आणि ठरलेल्या दिवशी ढीग उलटा करणं. हवा मिळाली की ढीग आतून ६० अंशांच्या वर तापतो, माशीच्या अळ्या आणि रोगजंतू मरतात, घाण वास राहत नाही. तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. इंदूर रेसिडेन्सीचे आरोग्य अधिकारी जॅक्सन यांना घेऊन वाड यांनी हाच प्रयोग वस्तीतल्या कचऱ्यावर आणि मैल्यावर केला आणि १९३४ मध्ये तो छापला. म्हणजे लहान गावानं आपल्या कचऱ्याचं काय करावं, याचं लिहिलेलं उत्तर आपल्याकडे नव्वद वर्षांपासून आहे. वीज नको, यंत्र नको, टेंडरही नको. (टेंडर नको म्हणूनच ते मागं पडलं, असं एक निवृत्त आरोग्य निरीक्षक मला हसत हसत म्हणाले होते.)

त्याच काळात कोकणात आप्पासाहेब पटवर्धन वेगळ्या बाजूनं याच प्रश्नाला भिडत होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मागितलं. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी उपोषण धरलं, तेव्हा येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. पुढं कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत होईल असे साधे संडास बनवले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कामातली घाण काढा, त्यातून उत्पन्न काढा, म्हणजे ते एका जातीच्या गळ्यात राहणार नाही. कचऱ्यावर एवढं खोल बोललेला माणूस मला तरी दुसरा दिसत नाही.

मग टाकून देण्याची रीत आली कुठून? मोठ्या शहरातून. मुंबईत प्लेगनंतर कचरा नजरेआड करणं हीच स्वच्छता ठरली. कुर्ल्याहून चेंबूरकडं रूळ पडले ते आधी कचऱ्याच्या गाड्यांसाठी, प्रवासी गाडी १९२४ साली आली. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला आणि धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला. नंतर उच्च न्यायालयानं मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या. नव्वद वर्षं नजरेआड केलेलं असं नाकात शिरलं.

आपल्यासारख्या गावांनी हीच रीत उचलली, आणि त्याची कारणंही होती. युरियाची गोणी आल्यावर उकिरड्याची किंमत गेली. प्लास्टिक आलं. १९७० च्या दशकात सरकारी मदतीनं मोठ्या शहरांत यंत्रावर चालणारे खत कारखाने निघाले, पण त्यात कचरा एकत्रच जायचा. खतात काचा निघाल्यावर शेतकरी कशाला घेईल? बहुतेक बंद पडले. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कहून यंत्र आणून कचऱ्यापासून वीज करायला घेतली, ते जेमतेम २१ दिवस चाललं. आपला कचरा ओला. तो जाळायला वरून डिझेल ओतावं लागायचं. आजही कुणी ‘कचऱ्यातून वीज’ म्हणत आलं की मी आधी विचारतो, ओला कचरा वेगळा येणार का?

सगळी मेख तिथंच आहे. घरातला साधारण निम्मा कचरा ओला असतो. तो कोरड्यात मिसळून डेपोवर दाबला की हवा मिळत नाही, मिथेन होतो, म्हणून डेपो उन्हाळ्यात पेटतो. पावसाळ्यात काळं पाणी झिरपून विहिरीत जातं. शेजारच्या गावाची भीती हीच आहे आणि ती खोटी नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी हे वर्षानुवर्षं भोगलंय. त्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठं पुण्यात वॉर्डावॉर्डात बायोगॅसचे छोटे प्रकल्प उभे राहिले.

कायदाही तेच सांगतो. २००० च्या नियमांनी सडणारा कचरा जमिनीत गाडायला मनाई केली आणि प्रक्रिया केंद्रासाठी २००३ अखेरची मुदत दिली. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितला. म्हणजे मिसळलेला कचरा ओतायला नवी जागा मागणं, हा ठरावच नियमाच्या उलट आहे.

“हे मोठ्या शहरांना जमतं” असं म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला जाऊन यावं. वस्ती बारा-साडेबारा हजार, आपल्यापेक्षा लहान. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरातून वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात झाली. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. जुन्या डंपिंगच्या जागेवर आज बाग आहे, लोक बघायला येतात.

आपल्याकडंही डेपोवर गांडूळखताचे हौद बांधलेत. आत काटेरी झुडपं उगवलीत. बिल निघालंय, गांडुळं कधी आलीच नाहीत. घंटागाडीला ओला-सुका असे दोन कप्पे आहेत, मधला पत्रा मात्र काढून ठेवलाय. गाडीवरच्या ताई म्हणाल्या, “दादा, लोक वेगळा देतात, पण डेपोवर एकाच ढिगात ओततात. मग पत्रा ठेवून काय करू?”

सभेत नगरसेवकांना तीन गोष्टी विचारा. हौद का बंद आहेत? रोज गोळा होणाऱ्या कचऱ्यात ओला किती, याचं वजन कधी केलंय का? आणि गायरानाच्या खालच्या अंगाला ज्या विहिरी आहेत, त्यांच्या पाण्याची तपासणी कोण करणार? तुमच्या प्रभागातल्या गाडीचा पत्रा जागेवर आहे का, तेही बघून मला कळवा. सभेच्या आधी यादी करतोय.