गोविंदपुऱ्यातलं छोटं अंगण : कमी खर्चात कसं सजवायचं, काय आधी आणि काय नंतर

गोविंदपुरा (भोपाळ) : १९५६ मध्ये नवं मध्य प्रदेश राज्य झालं, भोपाळ राजधानी झाली आणि त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. नागपूरच्या सचिवालयातले अनेक कर्मचारी तेव्हा भोपाळला आले. पुढे कारखान्याच्या नोकरीनं विदर्भातली, खानदेशातली बरीच मराठी घरं पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भागांत स्थिरावली. हा कारखाना १९७४ मध्ये भेलमध्ये विलीन झाला. या टाउनशिपमधल्या अनेक क्वार्टरना आजही पुढे नाहीतर मागे थोडी मोकळी जागा आहे. कोणी तिला अंगण म्हणतं, कोणी परस, तर विदर्भाकडची मंडळी सांदवाडी.

ही जागा पावसाळ्यात चिखलाची, उन्हाळ्यात धुळीची आणि बाकी वर्षभर अडगळीची होऊन बसते. ती बसण्याजोगी करायला मोठा खर्च लागतो हा समज बरोबर नाही. पण खर्चाचा क्रम चुकला तर पैसे नक्की वाया जातात. कुंड्या आधी येतात, फरशी नंतर, आणि पहिल्या पावसात सगळंच पाण्यात. म्हणून आधी क्रम, मग हिशोब.

पहिला प्रश्न : सोडताना काय सोबत येणार?

क्वार्टर आपलं नसतं. निवृत्ती झाली, बदली झाली की ते सोडावंच लागतं. भाड्याच्या घराचंही तेच. त्यामुळे अंगणावरच्या खर्चाचे दोन भाग करावेत : सोबत नेता येणारा आणि जागेवरच राहणारा. सुट्या बसवलेल्या विटा, फरश्या, कुंड्या, बाक, हिरवी जाळी हे सगळं उचलून नेता येतं. मुरूम, रेती आणि मजुरी तिथंच राहते. सिमेंटचा कोबा केला तर संपूर्ण खर्च तिथंच राहतो, आणि पक्क्या बांधकामाला परवानगी आहे का हेही आधी विचारावं लागतं. सुटं काम इथं दोन्ही बाजूंनी फायद्याचं ठरतं.

काळी माती आणि कोबा

भोपाळच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. वर्षातून एकदा ती उचलते आणि एकदा बसते. थेट तिच्यावर टाकलेला पातळ कोबा म्हणूनच दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो. तडकलेला कोबा दुरुस्त करायचा म्हणजे फोडायचा. सुट्या विटा मात्र खाली-वर झाल्या तर तेवढ्याच चार काढायच्या, खाली रेती सारखी करायची आणि परत बसवायच्या. अर्ध्या तासाचं काम.

बैतूल, छिंदवाडा, बुऱ्हाणपूर, अमरावती, नागपूर या पट्ट्यातही काळी माती भरपूर असल्याने तिथंही हीच पद्धत चालते. बेळगाव, गोवा, कोकण भागात जांभा दगड हाताशी असतो. तिथं विटेऐवजी तो वापरावा.

आधी पाण्याचा उतार

भोपाळला वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. १२ बाय १० फुटांच्या, म्हणजे १२० चौरस फुटांच्या अंगणात वर्षाला सुमारे १२ हजार लिटर पाणी पडतं. छपरावरून उतरणारं पाणी वेगळं. हे पाणी भिंतीकडे गेलं तर घरात ओल येते. त्यामुळे उतार घरापासून लांब, नालीकडे असावा. शेजाऱ्याच्या अंगणाकडे तर मुळीच नको, त्यावरून भांडणं होतात.

दर १० फुटांना दीड ते दोन इंच उतार पुरतो. मोजायला मिस्त्रीची गरज नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन खुंट्यांना लावायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत उभं राहतं. तिथं खुणा करायच्या, सुतळी बांधायची आणि नालीकडचं टोक दीड-दोन इंच खाली घ्यायचं. छज्जाचं पाणी जिथं पडतं तिथं वीतभर रुंद चर खणून गिट्टी भरली की चिखल उडत नाही.

बसायची जागा : मापं आणि हिशोब

सगळ्या अंगणाला फरशी घालू नये. अर्ध्या भागात बसणं, अर्ध्यात माती आणि झाडं ठेवली तर खर्च निम्म्यावर येतो आणि पाणीही जमिनीत मुरतं. वरच्याच १२० चौरस फुटांपैकी ६० चौरस फुटांचा, म्हणजे ६ बाय १० फुटांचा हिशोब असा :

• विटा : ९ बाय साडेचार इंचाची वीट आडवी घातली तर ६० चौरस फुटांना साधारण २१५ लागतात. मोडतोड धरून २३०. कडेला उभ्या लावायच्या विटा वेगळ्या मोजाव्यात.
• मुरूम : दाबून ४ इंच थर हवा, म्हणजे २० घनफूट. धुमस केल्यावर तो बसतो, म्हणून २५ घनफूट मागवावा.
• रेती किंवा दगडाची चुरी : २ इंच थराला १० घनफूट, सांधे भरायला थोडी जास्त.
• खोदकाम : ८ इंच खोल. मुरूम ४, रेती २ आणि वीट ३ मिळून ९ इंच होतात. त्यामुळे विटांचा माथा जमिनीपासून एक इंच वर राहतो आणि माती वाहून विटांवर येत नाही.

दर गावोगावी वेगळे असतात. म्हणून कागदावर तीन रकाने करावेत : नग, दर, रक्कम. दोन ठिकाणी दर विचारावेत आणि ते वाहतुकीसह विचारावेत. थोड्या मालाला गाडीचं भाडं मालापेक्षा जड होतं. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकच ट्रॉली मुरूम आणि रेती मागवली तर हे भाडं वाटलं जातं. कमी खर्चाचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

जुन्या विटा स्वस्त पडतात, पण पारखून घ्याव्यात. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. नखानं ओरखडा उठला किंवा रात्रभर पाण्यात ठेवून कडा झडल्या तर ती वीट कच्ची, पावसात तिचं पीठ होईल. विटेऐवजी दगडी फरशी हवी असेल तर भोपाळच्या बाजूला विदिशा जिल्ह्यातलं गंज बासौदा वालुकाश्माच्या फरशीसाठी प्रसिद्ध आहे, आणि राजस्थानचा कोटा दगडही बाजारात मिळतो. उघड्यावर मात्र पॉलिश केलेला कोटा घालू नये, ओला झाला की पाय सरकतो. खडबडीत फरशीच घ्यावी. २ बाय २ फुटांच्या १५ फरश्यांत ६० चौरस फूट भरतात.

काम करायचं कसं

खुंट्या आणि सुतळीनं जागा आखावी. ८ इंच खणून तळालाही तोच उतार द्यावा. निघालेली काळी माती फेकू नये, ती वाफ्यांत लागते. मुरूम दोन थरांत टाकावा, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसानं ठोकावा. इथं आळस केला तर पुढे विटा खचतात. कडेला उभ्या विटा पुरून चौकट पक्की करावी, नाहीतर मधल्या विटा हळूहळू सरकत जातात. मग रेती सरळ पट्टीनं सारखी करावी, विटा एकमेकींना चिकटवून बसवाव्यात आणि वरून कोरडी रेती टाकून खराट्यानं सांध्यांत भरावी. सांध्यांत सिमेंट घालू नये. घातलं की पाणी मुरत नाही आणि विटा सोबत न्यायचं गणितही बिघडतं.

हे काम होळीनंतर ते मे अखेरपर्यंत, माती कोरडी असताना करावं. उन्हामुळे सकाळी आणि संध्याकाळी. घरच्या दोघांना दोन-तीन सुट्ट्यांत जमतं. मजूर लावायचाच असेल तर खोदकाम आणि धुमस यालाच लावावा.

भिंत, तुळस आणि सावली

अंगण उजळतं ते भिंतीनं. चुना अजूनही सगळ्यात स्वस्त रंग आहे. एक किलो चुन्याला साधारण पाच लिटर पाणी घेऊन तो रात्रभर भिजवावा, फडक्यातून गाळावा आणि त्यात थोडा डिंक किंवा तांदळाची पेज घालावी. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो आणि उडतो. म्हणून प्लास्टिकची बादली नको, लोखंडी पिंप घ्यावं. डोळ्यांना चष्मा लावावा, मुलांना लांब ठेवावं. कुंड्यांना आणि विटांच्या कडेला गेरू लावला की वेगळ्या रंगाचा खर्च उरत नाही.

तुळशीसाठी पक्कं वृंदावन बांधण्यापेक्षा चार विटांच्या सुट्या चौथऱ्यावर मोठी कुंडी ठेवावी. तुळशीला रोज काही तास ऊन हवं. मंजिऱ्या खुडत राहिलं की ती डेरेदार होते. डिसेंबर-जानेवारीत भोपाळची रात्र गार असते, तेव्हा रात्री तिच्यावर जुनं पातळ सुती कापड टाकावं. तिच्यासमोर रांगोळीपुरती एक सपाट फरशी ठेवावी. विटांच्या सांध्यांवर रांगोळी नीट उमटत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. त्या दोन महिन्यांसाठी बांबू आणि निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते. टिनाच्या छपराखाली दुपारी उलट जास्त उकडतं. कायमची सावली हवी तर मधुमालतीचा वेल चढवावा.

झाडं : विकत कमी, मागून जास्त

जास्वंद, तगर, बोगनवेल, मधुमालती यांच्या फांद्या पावसाळ्यात लावल्या तर जगतात. गवती चहा आणि अळूचा एकेक कोंब शेजाऱ्याकडून मिळतो. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू सावलीत वाळवून ठेवला की पुढच्या पावसाळ्याचं बी तयार. नर्सरीतून मोगरा, कढीपत्ता अशी दोन-चारच रोपं घ्यावीत. सदाफुली आणि ऑफिस टाइम कमी पाण्यातही फुलतात. शेवंती हिवाळ्यासाठी.

काळी माती एकटीच कुंडीत भरली तर घट्ट बसते आणि मुळं कुजतात. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा पाल्याचं खत, एक भाग रेती असं मिश्रण करावं. टाउनशिपमध्ये झाडं भरपूर, त्यामुळे पाला फुकट. तो जाळू नये. भोकं पाडलेल्या जुन्या पिंपात पाला, भाजीची सालं आणि थोडी माती असे थर देऊन ओलं ठेवलं की काही महिन्यांत खत होतं. तेलाचे डबे आणि रंगाच्या बादल्या कुंड्या म्हणून चालतात, फक्त तळाला भोकं हवीत आणि डब्यांच्या धारदार कडा आत वळवलेल्या हव्यात.

उन्हाळ्यात पाणी जपून लागतं. तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी झाडांना घालावं. आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते अंगण धुवायला वापरावं. वाफ्यात बिनरंगाचं मातीचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर पाणी झिरपत राहतं. वर झाकण मात्र हवंच.

दोन धोके

पहिला डास. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. कुंड्यांखालच्या बशा, रिकामे डबे, पक्ष्यांचं भांडं आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडं करावं. ठरलेला वार असला की विसरायला होत नाही.

दुसरा शेवाळ. पावसाळ्यात विटांवर हिरवा थर चढतो आणि घरातली वयस्क माणसं घसरतात. ब्लीचिंग पावडर पाण्यात मिसळून ओतावी, १५-२० मिनिटांनी खराट्यानं घासून धुवावं. ते पाणी झाडांकडे जाऊ देऊ नये, आणि ब्लीचिंग पावडर ॲसिडसोबत कधीच वापरू नये, त्यातून विषारी वायू निघतो. दारापासून बाकापर्यंतची वाट सगळ्यात आधी घासावी, कारण आजी-आजोबांचा पाय तिथंच पडतो.

पैसे कमी असतील तर

एकाच वर्षी सगळं करायची गरज नाही. पहिल्या वर्षी उतार, गिट्टीचा चर आणि चुना. दुसऱ्या वर्षी विटांचं बसणं. झाडं दर पावसाळ्याला थोडी थोडी. दिवे आणि शोभेच्या वस्तू सगळ्यात शेवटी. बाहेर लोंबती वायर टाकण्यापेक्षा सौर दिवा बरा. बाकासाठी जुन्या पलंगाच्या फळ्या आणि दोन्हीकडे विटांचे सुटे ढीग पुरतात. फक्त ते हलत नाहीत ना, हे बसण्याआधी पाहावं.

क्वार्टर सोडायची वेळ आली की विटा, कुंड्या, बाक गाडीत चढतात. दाबलेला मुरूम, नीट केलेला उतार आणि जमिनीत लावलेली तगर, जास्वंद मागे राहते. पुढच्या कुटुंबाला चिखलापासून सुरुवात करावी लागत नाही. हिशोबाच्या वहीत हा खर्च बुडीत दिसेल, पण अनेक क्वार्टरांतली आजची सावली अशाच कुणी तरी मागे ठेवलेल्या झाडांची आहे.