डांगच्या जंगलांचे इजारे

सुरतेच्या आग्नेयेस, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील डांग प्रदेशातली सागाची जंगले इंग्रजांनी १८४२ पासून तिथल्या भिल्ल राजांकडून व नाईकांकडून वार्षिक रकमेवर घेतली, ते करार म्हणजे हे इजारे. गाढवी, लिंगा, दहेर, पिंपरी व वासुर्णा ही तिथली प्रमुख संस्थाने.

सागाच्या मागणीचे मूळ समुद्रावर होते. सागाच्या तेलकट लाकडात लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत, ओकमध्ये गंजतात. त्यामुळे सागाची जहाजे जास्त टिकत. मुंबईच्या गोदीसाठी जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया यांना १७३६ मध्ये नेले तेही सुरतेहूनच. मलबारातला जाड साग विरळ होत गेला, तशी नजर डांगकडे वळली. इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने १८३० मध्ये फौजेनिशी या मुलखात शिरून वाट मोकळी केलेली होतीच.

राजांच्या लेखी इजारा म्हणजे लाकूडतोडीवरच्या नेहमीच्या हक्काची ठरलेली रक्कम असावी. सरकारने मात्र त्यातून जंगलाचा पूर्ण ताबा मिळाला असा अर्थ काढला. १८६२ मध्ये करार नव्याने झाले. १८८९ मध्ये सुमारे एक तृतीयांश जंगल राखीव ठरले, तिथे शेती व वस्ती बंद. विसाव्या शतकाच्या आरंभी कारभार खानदेशकडून सुरतेच्या कलेक्टरकडे आला आणि वनखात्याचा पगडा वाढला. पुढच्या दशकात डांगमध्ये वारंवार उठाव झाले.

वनखात्याशी भांडणाचे एक मोठे कारण आग. डांगी शेतकरी उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून वाळवतो, त्या शेताच्या तुकड्यावर पसरून पेटवतो आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर त्या राखेत नागली पेरतो. रोप वीतभर वाढले की उपटून दुसरीकडे लावतो. वनखात्याला हा निव्वळ नाश वाटला आणि वणवाबंदी आली. पण सागाच्या रोपट्याला मोकळे ऊन लागते, आणि मोठ्या सागाची जाड साल साधा वणवा सोसते. आग थांबवली की खाली दाट झुडूप माजते आणि नवा साग मागे पडतो, असे ब्रह्मदेशातल्या इंग्रज वनाधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले होते. डांगी माणसाला ते कुणी सांगायला नको होते.

अशीच गोष्ट दूर उत्तर अमेरिकेतही घडली. न्यू इंग्लंडमधले मूळ रहिवासीही रान पेटवून साफ ठेवत. तिथे १६९१ च्या मॅसॅच्युसेट्स सनदेने २४ इंचांहून जाड झाडे राजाच्या आरमारासाठी राखली. फरक असा, की तिथे गोरे शेतकरी कुंपणे घालून, गुरेडुकरे सोडून स्वतः वसले; डांगमध्ये वसाहतकऱ्याने नांगर धरला नाही, त्याचे काम दस्तऐवज, पहारेकरी आणि कंत्राटदार यांनीच भागले. म्हणून इथे जंगल अमेरिकेसारखे नाहीसे झाले नाही, पण त्यावरचा हक्क गेला आणि त्यातल्या झाडांची किंमत साग व इतर अशी ठरू लागली. मोह, ऐन, बांबू ही माणसांच्या पोटापाण्याची झाडे या हिशेबात दुय्यम.

बडोद्याच्या गायकवाडांच्या बिलीमोरा-वघई अरुंदमापी रेल्वेने (१९१३ च्या सुमारास) लाकूड किनाऱ्याकडे नेणे सोपे केले. १९६० पासून डांग गुजरातमध्ये आहे. इजाऱ्याच्या रकमेचे वारसदार असलेला राजकीय सालियाना आजही राजांच्या वंशजांना होळीच्या सुमारास आहवा येथील डांग दरबारात सरकारकडून मिळतो.