आवडतं काडतूस: स्वभावाचं की परवान्याचं?



नेमबाजांच्या आणि शिकारकथा वाचणाऱ्यांच्या गप्पांत एक लाडका सिद्धांत असतो. माणसाचं आवडतं काडतूस कळलं की त्याचा स्वभाव कळतो म्हणे. पॉइंट टू-टू (.२२) वाला शांत आणि चिकट, थ्री-नॉट-थ्री (.३०३) वाला जुन्या वळणाचा, आणि मोठ्या बोरची रायफल बाळगणारा म्हणजे नक्कीच मिशीला पीळ देणारा. ऐकायला मजा येते. पण पीएचडीला बसणार असाल तर असं विधान कानावर पडलं की आधी एक प्रश्न सुचायला हवा: या माणसासमोर पर्याय किती होते? आणि ती यादी कोणी केली होती? आज हाच प्रश्न घेऊन आपण डहाणू-तलासरीपर्यंत जाऊ. वाट जराशी लांबची आहे.

सुरुवात जिम कॉर्बेटपासून करू, कारण हा सिद्धांत मांडणारे त्याचंच नाव आधी घेतात. त्याची .२७५ बोरची रिग्बी प्रसिद्ध आहे. गोळी बारीक, जेमतेम ७ मिलिमीटरची. म्हणजे माणूस संयमी, नेमका, असं अनुमान लगेच निघतं. पण ही रायफल त्याला भेट मिळाली होती! चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली. शिवाय मोठ्या जनावरासाठी तो .४५०/४०० ही जाड गोळीची दुनळी वापरायचाच. मग संयमी कोण म्हणायचं, कॉर्बेट की भेट देणारा?

आता याहून मोठं उदाहरण. त्या काळच्या साहेबी शिकाऱ्यांमध्ये .४७० आणि .४६५ ही काडतुसं एकदम लोकप्रिय झाली. आवडीनिवडी बदलल्या म्हणून नव्हे. १९०७ च्या सुमारास सरकारने भारतात .४५० बोरच्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोरच्या होत्या, आणि त्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाईल ही भीती होती. बंदूक बनवणाऱ्यांनी मग बोर किंचित बदलून नवी काडतुसं काढली. शिकाऱ्याचा स्वभाव होता तसाच राहिला, बदललं ते कस्टमचं धोरण. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: दोन गोष्टींचा संबंध दिसतो, पण दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट उभी असते.

स्वतंत्र भारतातही तेच. थ्री-नॉट-थ्री लष्कराचं काडतूस, म्हणून 'प्रतिबंधित बोर'. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. त्याच्या वाट्याला येतं ३१५ बोर. हे ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाचं भावंड. रायफल बंगालमधल्या ईशापूरची, काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. त्यामुळे कोणी '३१५ आपली आवडती' म्हणाला तर त्यातून त्याचा स्वभाव कमी आणि १९५९ चा शस्त्र कायदा जास्त कळतो.

मोकळी निवड कुठे दिसते का? स्पर्धेच्या रेंजवर, थोडीशी. ५० मीटर रायफलला बोर नियमानेच .२२ ठरलेला आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं, ते याच बोरवर. पण एकाच कंपनीच्या काडतुसांच्या निरनिराळ्या लॉटमध्येही बारीक फरक असतो. म्हणून अव्वल नेमबाज रायफल पकडीत घट्ट बसवतात, एकेका लॉटच्या गोळ्या झाडतात आणि सगळ्यात लहान घोळका कोणत्या लॉटचा पडतो ते मोजतात. म्हणजे आवड ठरवते ती नळी, आणि माणूस नोंद ठेवतो. (हा प्रयोग मला फार आवडतो. असा स्वच्छ डेटा आपल्याला कधी मिळायचा!)

आता डहाणू-तलासरी. १८७८ च्या शस्त्र कायद्यात 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर चक्क धनुष्यबाणही होता. बंदुकीला परवाना लागायचा आणि युरोपियनांना नियमांतून सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. आता गंमत बघा. ठासणीच्या बंदुकीला काडतूसच नसतं. दारू, चिंध्या, छर्रे नळीच्या तोंडातून ठासायचे आणि बार काढायचा. रानडुकरांपासून भात राखणाऱ्या वारली शेतकऱ्याला तुम्ही प्रश्नावलीत 'आवडतं काडतूस कोणतं?' असं विचारलंत, तर रकाना कोरा येईल. त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ 'आवड नाही' असा लावू नका. तो प्रश्न त्याला लागूच होत नाही. शून्य आणि 'लागू नाही' यांतला फरक प्रयोगशाळेत आपण डोळ्यांत तेल घालून जपतो, आणि सर्वेक्षण हाती आलं की विसरतो.

इथल्या बहुसंख्य माणसांची काडतुसाशी गाठ पडली ती नळीच्या समोरून. मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगार नाकारली गेली. मग गवतकापणीचा संप: ५०० पौंड गवताला अडीच रुपये मजुरी द्या, एवढीच मागणी. १० ऑक्टोबर १९४५ ला, गोदावरी परुळेकर येणार या खोट्या निरोपावरून तलवाड्याला हजारो माणसं जमली आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे ठार झाले. या लढ्यावर गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आहे. यादीत पहिलं घ्या.

वसाहती सरकार आपल्या पोलिसांवर तरी किती विश्वास ठेवत होतं? ईशापूरला .३०३ च्या रायफली बदलून .४१० ची मस्केट बनवली जाई. नळी गुळगुळीत, मॅगझिन बंद, एका वेळी एकच काडतूस. काडतूसही .३०३ च्याच घरातलं, फक्त मान न आवळलेलं. शिपायाच्या हातातल्या काडतुसावरून शिपायाचा स्वभाव वाचता येत नाही. सरकारचा मात्र येतो.

यावर कोणी काम करणार असेल तर एक अडचण आधीच सांगतो. १९४५ च्या कागदांत 'पालघर जिल्हा' शोधाल तर काहीच हाती लागणार नाही, कारण हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. झरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात होतं. १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं, झरी-तलासरी इकडे राहिले. म्हणून शोध 'ठाणे, उंबरगाव' असा सुरू करा. इंग्रजी कागदांत ठाण्याचं स्पेलिंगही जुनं असतं, ते ध्यानात ठेवा. बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतो, तेव्हा महसुली दप्तरही बघा. परवान्यांची नोंद सापडली तर बोरकडे जाण्याआधी परवाना कशासाठी दिला तेवढं वाचा: राखण, संरक्षण की शिकार. आणि शेजारी गावाचं नाव लिहून ठेवा, म्हणजे गवताची कुरणं कोणाची होती त्या यादीशी ते ताडून पाहता येईल.